बंदूक दाखवता, मग ती बनवली कशी तेही दाखवा की

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी भोसरीत 34 वर्षं लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) काढलेला माणूस, लिहायची सवय नाही, चूकभूल पदरात घ्या. सध्या आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत आलोय, हार्टफर्डजवळ. तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर स्प्रिंगफील्ड लागतं, तिथं बंदुकांचा जुना सरकारी कारखाना होता, स्प्रिंगफील्ड आर्मरी, त्याचं आता म्युझियम केलंय. जावईबापूंना आम्हाला मॉलला न्यायचं होतं, मी म्हटलं आधी हे, मॉल कुठं पळून जात नाही. ही म्हणाली बंदुका काय बघायच्या, पण आली.

तिकीट नाही, फुकट. 1777 ला इथं शस्त्रांचं कोठार झालं, 1794 पासून कारखाना आणि 1968 ला टाळं, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या शिफ्टा. आत गेलं की एका भल्या मोठ्या रॅकवर शेकडो मस्केट (जुन्या लांब नळीच्या बंदुका) उभ्या रचून ठेवल्यात, त्याला ऑर्गन म्हणतात, चर्चमधल्या वाजवायच्या ऑर्गनसारखं दिसतं म्हणून, मला मात्र आमच्या टूलरूममधला ड्रिलचा स्टँड आठवला. लोक तिथं फोटो काढत होते.

मी अडकलो ते पुढे, थॉमस ब्लँचर्डच्या लेथपाशी. मशीन 1822 चं! बंदुकीचा लाकडी दस्ता वाकडातिकडा असतो, कुठं जाड कुठं बारीक, तो आधी कारागीर पटाशी-रंध्याने हाताने घडवायचे. या बाबाने काय केलं, दस्त्याचा लोखंडी नमुना आणि कच्चं लाकूड दोन्ही एकत्र फिरवले, नमुन्यावरून एक चाक सरकतं आणि ते जसं वरखाली होईल तसं कटर लाकडात घुसतं, झाला दस्ता. आपल्याकडे चावीवाला डुप्लिकेट चावी काढतो ना, अगदी तसंच. अहो मी 11 वर्षं कॉपी टर्निंग केलंय, टेम्प्लेट म्हणजे नमुना लावायचा, त्यावर स्टायलस म्हणजे नमुन्यावरून फिरणारं टोक टेकवायचं आणि शाफ्ट काढायचे, हायड्रॉलिकचं मशीन, आणि त्याचा आजा माझ्यासमोर लाकडी सांगाड्यात उभा! मी एवढा वेळ थांबलो की हिने येऊन विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला.

दुसरी गोष्ट गेजची, म्हणजे पार्टचं माप तपासायच्या ठरावीक साच्याची. पूर्वी एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसायचा नाही, प्रत्येक पार्ट कानस मारून जमवलेला. इथल्या लोकांनी गेज लावून लावून पार्ट सारखे करत नेले आणि 1842 च्या मॉडेलला कुठलाही पार्ट कुठल्याही बंदुकीला बसायला लागला. गो-नो गो गेज, म्हणजे एक टोक पार्टमध्ये जायलाच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, हे आपण आजही आयटीआयच्या पोरांना शिकवतो, ते याच जातीचं. इथं शिकलेली पद्धत नंतर शिवणयंत्रं, सायकली बनवणाऱ्यांनी उचलली.

आणि जॉन गॅरंड. मूळचा कॅनडाचा, लहानपणी कापडगिरणीत काम केलेला माणूस, इथं नोकरीला राहून एम-वन रायफल डिझाइन केली, 1936 ला सैन्याने घेतली, दुसऱ्या महायुद्धात लाखोंनी बनली. त्याला रॉयल्टी? एक पैसा नाही, पेटंट सरकारला देऊन टाकलं आणि पगारावर राहिला. युद्धात बायका मशीनवर उभ्या होत्या त्यांचेही फोटो आहेत, हिला तेवढं फार आवडलं.

आता आपल्याकडचं. एका म्युझियममध्ये (नाव घेत नाही) नातवाला घेऊन गेलो होतो, काचेत बंदूक, खाली पाटी: बंदूक, 18 वे शतक. संपलं. नातू विचारतो आजोबा याची नळी कशी बनवली, आत भोक कसं पाडलं, मी माझ्या अंदाजाने सांगितलं, पण पाटीने सांगायला नको? मुलुखमैदान तोफ 1549 ला आपल्या नगरला ओतली, सुमारे 55 टन, आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे, शाळेत आपण तिचं नाव पाठ करतो, पण साचा कसा केला असेल, एवढा धातू एकाच वेळी वितळवला कसा, हे कुणी मास्तर सांगत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, दीडशे वर्षांच्या वर झाली, आम्हाला त्याची भिंत तेवढी माहिती. सिक्युरिटी मला समजते, आजचं काही दाखवू नका, पण शंभर वर्षांपूर्वीची मशीनं, गेज, हजेरीची कार्डं दाखवायला काय हरकत आहे?

आणि नुसतं बंदुकीचंच नाही. आमची कंपनी बंद झाली तेव्हा माझं ते कॉपी लेथ भंगारात किलोवर गेलं, टेम्पोत चढवताना मी तिथंच होतो. पिंपरी, भोसरी, चाकणला अशी किती गेली असतील. कुणीतरी एखादी शेड घ्यावी, महापालिका असो नाहीतर उद्योजकांची संघटना, चार मशीनं चालू हालतीत ठेवावीत, आमच्यासारखे रिकामे म्हातारे फुकट येऊन दाखवतील, चहा दिला तरी बास.

त्या लेथचा एक टेम्प्लेट मी घरी आणला होता, माळ्यावर आहे, थोडा गंज चढलाय. कुणी असं काही काढत असेल तर तुमच्या पेपरात छापा, मी दिवाळीपर्यंत परत येतोय, स्वतः आणून देईन.

आपला,
एक रिटायर्ड टर्नर, भोसरी