समुपदेशकांनाही उसंत हवी

महोदय,

हंगाम बिघडला की यवतमाळ-वाशीमकडच्या शाळांत समुपदेशकासमोरची मुलं वाढतात. घरातलं कर्ज, वडिलांची दारू, कुठे आत्महत्या. त्यात ऑफ तासिका अन् शिष्यवृत्तीचे फॉर्मही त्याच्याच माथी! मग एखादं मूल शाळा सोडून गेलं की 'मीच कमी पडलो' हा काटा रुततो.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी सौम्य वागणं, हे दुःख आपल्या एकट्याचं नाही हे ओळखणं आणि भावना न दाबता, न फुगवता पाहणं. जड सत्रानंतर आधी नोंद पूर्ण करावी. मग पाच मिनिटं पाय जमिनीवर टेकवून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा आणि सहकाऱ्याला जे बोललो असतो तेच स्वतःला म्हणावं. काहींना सुरुवातीला उलट जास्तच भरून येतं. दाबून ठेवलेलं वर येत असतं. तेव्हा शब्द सोडून लक्ष फक्त तळपायांवर ठेवावं. 'आजही जमलं नाही' असा हिशेब मांडला, तर तोही नवा छळच.

पण दोन मुलांच्या मध्ये वेळच नसेल तर हे करायचं कधी? मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच पंधरा मिनिटं मोकळी ठेवावीत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत मुलांची ओळख न उघड करता समुपदेशकांना आपसात बोलू द्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे.

— काही शालेय समुपदेशक, यवतमाळ जिल्हा