जस्टिस सोसायटी परत आणताय तर नीट आणा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका ही कॉमिक्समधली पहिली सुपरहिरो टीम, 1940 ला ऑल स्टार कॉमिक्समध्ये आली, जस्टिस लीगच्या कितीतरी आधी, तरी तिची प्रकाशक कंपनी डीसी दर काही वर्षांनी तिला नव्याने आणते आणि परत गुंडाळून ठेवते याचं खरंच वाईट वाटतं. 2022 ला लेखक जेफ जॉन्सने आणली, 2024 ला जेफ लेमिरने लिहायला घेतली. माझं म्हणणं एवढंच की नवीन काही ठरवायच्या आधी 1999 ची सिरीज का चालली ते बघा ना! जेम्स रॉबिन्सन आणि डेव्हिड गोयर या लेखकांनी पहिला फ्लॅश जे गॅरिक, पहिला ग्रीन लँटर्न अ‍ॅलन स्कॉट, वाइल्डकॅट या जुन्या हिरोंना घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं ठेवलं आणि त्यांच्या हाताखाली अ‍ॅटम स्मॅशर, कोर्टनी अशी नवीन पोरं दिली, ती चुकायची, बोलणी खायची, शिकायची, आणि वाचताना आपण त्यांच्यात गुंतून जायचो. मारामारी काय सगळ्याच कॉमिक्समध्ये असते हो. आणि प्लीज अंक वेळेवर काढा, 2022 च्या सिरीजला इतका उशीर होत गेला की मागचं काय झालं तेच आठवेना.

आपला,
एक जुना कॉमिक्सप्रेमी, पुणे