पक्या, आपण जागतिक वारसा झालो

प्रिय पक्या,

चार महिने तुझा फोन उचलला नाही, नुसते अंगठे पाठवत बसलो, त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे.

गेल्या रविवारी चिऊला घेऊन विजयदुर्गावर गेलो होतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले लागले त्यात आपला पण, म्हणून तिला शाळेचं प्रोजेक्ट. मी फुल फॉर्मात. शिलाहार भोजाचा किल्ला, १६५३ ला महाराजांनी घेतला, मग एकात एक तीन तट कसे, दरवाजा बाहेरून दिसू नये म्हणून बुरजांच्या आड कसा वळवलाय, सगळं सांगत होतो. खाडीकडे बघून तुळाजी आंग्रे पण सांगितला. १७५६, समुद्रातून वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, सोबतीला आपलीच पेशव्यांची फौज, आणि आंग्र्यांचं आख्खं आरमार इथे जळालं. वर इंग्रजांनी किल्ला लगेच सोडला नाहीच, बाणकोट पदरात पाडून घेतलं तेव्हा दिला. यावरून आपण दोन दिवस बोलत नव्हतो, आठवतं? तू म्हणायचास नानासाहेबांनी आपल्याच हाताने आपलं आरमार बुडवलं, मी म्हणायचो तुळाजी तरी कुणाचं ऐकत होता. आता मला तुझं पटतं. हे लेखी पहिलं आणि शेवटचं.

तर मुद्दा असा की फिरत फिरत आम्ही 'त्या' खोलीत शिरलो. मी विसरलोच होतो रे! चिऊने मोबाईलचा टॉर्च मारला आणि चुन्याच्या गिलाव्यावर अजून ठळक, 'बंड्या-पक्या १९९३', खाली तुझा तो बदकासारखा वाघ. ती म्हणाली, "बाबा, कसली माणसं असतात ना, यांना आईबापांनी काही शिकवलं नसेल का?" मी म्हटलं, "हो ना गं." आजी वर बसून ऐकत असणार.

तिने फोटो काढलाय. प्रोजेक्टमध्ये 'किल्ल्याचे शत्रू' म्हणून पान आहे, त्यात इंग्रजांच्या खाली आपण. घरात मला बंड्या कोण म्हणत नाही म्हणून वाचलोय, पण तू दिवाळीला येऊन दारातूनच हाक मारशील ती वेगळी!

रात्री झोप नाही. वाटलं गुपचूप जाऊन खरवडून टाकावं, पण मग चुना अजून निघणार. सिमेंट थापावं तर ते त्याहून वाईट, खारा ओलावा आत कोंडतो आणि जांभा पापुद्र्यांनी सुटायला लागतो, हे त्याच दिवशी मीच तिला शहाण्यासारखं समजावलं होतं. म्हणजे आता काहीच करता येत नाही. तिला सांगू का? तू सांगशील का? तुझ्यावर ती चिडत नाही.

काकूंचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? वहिनींना सांग आंबे मेमध्ये पाठवतो.

आणि हो, कर्कटक तुझं होतं. माझं तेव्हा हरवलेलं.

तुझा,
बंड्या (हे नाव पाकिटावर घालू नकोस)