रात्र होती म्हणून अंधार होता, हे उत्तर मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘गेम ऑफ थ्रोन्स’, सीझन 8, भाग 3 मध्ये चित्र न दिसणे, आणि तीनदा ‘निकाली’ काढलेली तक्रार

महोदय,

राजे-राण्या, ड्रॅगन आणि लढाया असलेली ही मालिका काय आहे ते तुम्हाला सांगत बसत नाही. तुमच्या व्हिडिओ अॅपची वर्षाची वर्गणी तुम्ही तिच्याच जाहिरातीवर गोळा केलीत. 15 एप्रिल ते 20 मे 2019, सहा सोमवार, सकाळी साडेसहाला नवा भाग. वेळ पाळलीत. तक्रार आहे ती जे दाखवलंत त्याबद्दल.

तिसरा भाग 82 मिनिटांचा, जवळपास सगळा रात्रीच्या लढाईचा. त्यातली बरीचशी मिनिटं पडद्यावर काळ्या-करड्या चौकोनांची हालचाल दिसते. टीव्ही बिघडलेला नाही. पिक्चर मोड ‘विविड’वरून ‘सिनेमा’वर, इको सेन्सर बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, गॅमा 2.4 वरून 2.2, ब्लॅक लेव्हल दोन्हीकडे ‘लिमिटेड’, खिडक्यांना पडदे. हे सगळं पहिल्या फोनच्या आधीच करून झालं होतं आणि तिन्ही फोनवर सांगूनही झालं. तरी तिन्ही वेळा पहिला सल्ला तोच, ‘ब्राइटनेस वाढवा’.

ब्राइटनेसने काय होतं ते तुमच्या तांत्रिक विभागाला विचारा. 8 बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16 ते 235 अशा 220 पायऱ्या. ही लढाई त्यातल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांत चालते. वर धूर, धुकं, उडतं बर्फ, म्हणजे दर फ्रेमला बदलणारे बारीक ठिपके, आणि कॉम्प्रेशनला, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याला, नेमकं तेच झेपत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, पुरला नाही की ते ठिपके पुसून जागोजागी एकसारखे ठोकळे बसवले जातात. मग ब्राइटनेस वाढवला तर काळा रंग राखाडी होतो आणि ठोकळे आणखी ठळक दिसतात. जो तपशील तुम्ही पाठवलाच नाही, तो टीव्ही कुठून आणणार?

आता तो तिसरा फोन. मी वरचं सगळं सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, रत्नागिरी म्हणजे कोकण ना? मग नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.” मी म्हटलं, त्याच टीव्हीवर, त्याच लाइनवर, तुमच्याच अॅपवर दुसऱ्या सीझनचा नववा भाग लावून पाहिला. तीही रात्रीचीच लढाई, तीही 2012 सालची, आणि हिरव्या आगीच्या उजेडात जहाज न् जहाज दिसतं. यावर थोडा वेळ गाणं वाजलं. मग आवाज परत आला: “सर, मी चेक केलं. त्या एपिसोडमध्ये रात्र आहे. म्हणून तो काळा दिसतोय.” मी विचारलं, तुम्ही पाहिलाय का? “नाही सर, पण रात्र आहे.” आणि लगेच, “आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?” फोन ठेवायच्या आत मेसेज: आपली समस्या सोडवली आहे.

शिमग्याच्या नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुर हे पात्र नखशिखांत काळ्या कपड्यात येतो, तोही रात्री. एका हॅलोजनवर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो दिसतो, कारण उजेड कुठून टाकायचा हे खेळ्यांना कळतं. इथे 55 रात्री चित्रीकरण झालं म्हणतात, आणि कॅमेरामनचंही म्हणणं असं की दोष लोकांच्या टीव्हीचा आणि कॉम्प्रेशनचा. टीव्हीचं वर सांगितलं. कॉम्प्रेशन तुमचं.

आणि नेटवर्कचं म्हणाल, तर त्याच कोकणातल्या नेटवर्कवर चौथ्या भागात मेजवानीच्या टेबलावर राहिलेला कॉफीचा कप स्वच्छ दिसला. तो मात्र दोन दिवसांत पुसला गेला. कप पुसता येतो, मग तिसऱ्या भागाची फाइल जास्त बिटरेटने पुन्हा का चढवता येत नाही?

‘कथेशी आमचा संबंध नाही’ हे वाक्यही फोनवर ऐकवलं गेलं. जाहिरातीत कथाच विकत होतात, तेव्हा तीही ऐका. आधीचे सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, हा सहाचा. चित्रासारखी गोष्टही चेपली आणि मधलं सगळं गाळलं.

किल्ल्याची लढाई. विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी कशासाठी, हे इथल्या शाळेच्या सहलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिसऱ्या भागात विंटरफेल किल्ल्याला तट असून फौज बाहेर उभी. दगडफेकी यंत्रं पायदळाच्याही पुढे. चर खणलेला, पण पायदळाच्या मागे, म्हणजे माघार घेताना आपलीच माणसं त्यात अडकणार. घोडदळ टेहळणीशिवाय अंधारात सोडून दिलं. बायकापोरं थडग्यांच्या तळघरात, आणि शत्रू कोण, तर मढी उठवणारा! चर पेटवायची मशालीची खूण ड्रॅगनवर बसलेल्यांना दिसलीच नाही. बहुधा त्यांचीही वर्गणी तुमच्याकडेच असावी.

मग आरमार. चौथ्या भागात शत्रूच्या आरमाराचा प्रमुख युरॉन याची जहाजं खडकाआडून निघतात आणि रेगल या उडत्या ड्रॅगनला त्यांच्यावरच्या राक्षसी धनुष्यांचे ओळीने तीन बाण लागतात. 100 मीटर उंचीवरून समुद्राचं क्षितिज साधारण 36 किलोमीटरवर असतं, 300 मीटरवरून 62. इथल्या भगवती किल्ल्यावर उभं राहिलं की मिरकरवाडा बंदरात येणारा ट्रॉलर किती आधी दिसतो ते बघून या. खडकाचा आडोसा पाण्यावरच्या माणसाला, वरून बघणाऱ्याला नाही. डुलत्या डेकवरून तिन्ही नेम अचूक, आणि पुढच्याच भागात तेच धनुष्य तटावर न् जहाजांवर डझनांनी असून उरलेल्या एका ड्रॅगनला ओरखडा नाही. निर्मात्यांचा खुलासा असा की ड्रॅगनची मालकीण राणी डेनेरिस त्या आरमाराला जरा विसरलीच. त्याच भागात आधी युद्धसभेत त्या आरमाराचं नाव निघालेलं आहे.

शहर वाचवायला स्वतःच्या राजाला मारणारा जेमी पाचव्या भागात म्हणतो, लोकांची मला कधी फिकीर नव्हती. आणि शरणागतीची घंटा वाजल्यावर डेनेरिस शहर जाळते. जाळू दे, तिच्यात ते होतंच. पण तिथवर पोचायला जे भाग लागले असते ते कुठे आहेत? हा सीझन नव्याने बनवा म्हणणाऱ्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मी सही केलेली नाही. मला नवा सीझन नको, मला तिसरा भाग दिसायला हवा.

तर, एक: भाग 3 ची फाइल जास्त बिटरेटने पुन्हा चढवा आणि तसं लेखी कळवा. दोन: जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. तीन: तिन्ही तक्रारींवरचा ‘निकाली’ शिक्का काढा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, दोन्ही लढायांच्या फोटोंसह, रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईल. तिथल्या सुनावणीत ‘रात्र होती’ हे उत्तर नक्की द्या, मला ते समोर बसून ऐकायचंय.

आणि पुन्हा फोन करणार असाल तर तिसरा भाग पाहिलेल्या माणसाला करायला सांगा. पाहिलेला म्हणजे, जेवढा दिसला तेवढा.

आपला वर्गणीदार (मुदत संपेपर्यंत),
रत्नागिरी