‘दुर्दैवी अपघात’ छापायच्या आधी एवढं विचारा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कारखान्यात कुठेही स्फोट झाला, गॅस गळती झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य असतं, दुर्दैवी अपघात, चौकशीचे आदेश, नातेवाइकांना मदत जाहीर, आणि तीन दिवसांत बातमी संपते. मी वीसेक वर्षं केमिकल प्लँटमध्ये शिफ्ट ड्युटी केलीय, त्यामुळे हे वाचलं की राहवत नाही म्हणून लिहितोय. त्यात दुर्दैव कमी असतं हो. एखादा अलार्म सारखा कोकलतो म्हणून बंद केलेला असतो, कुठला तरी इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी सोय, दोन दिवसांसाठी म्हणून बायपास केलेला असतो आणि ते दोन दिवस सहा महिने चालतात. लॉगबुकात नोंद असते, तिन्ही शिफ्टला माहीत असतं, फक्त कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जी माणसं राहतात त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

भोपाळचंच बघा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, रिअ‍ॅक्शन सुरू झाली आणि सुमारे ४० टन माल हवेत गेला. टाकी थंड ठेवणारं युनिट त्या वर्षी जूनपासूनच बंद होतं, गॅस धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायला, गॅस जाळायच्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. एका रात्रीत तीन गोष्टी बिघडल्या असं झालं नाही, त्या आधीपासूनच बंद होत्या आणि आतल्या लोकांना ते ठाऊक होतं. इतकंच काय, राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने १९८२ मध्येच आपल्या छोट्या साप्ताहिकात हा कारखाना शहराचा घात करणार असं परत परत लिहिलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही. आणि त्या रात्री बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा वाजवून लगेच बंद केला, घबराट नको म्हणून! लोक झोपेतून उठून गॅसमधूनच धावत सुटले, धावल्यामुळे श्वासात अजून जास्त गेला. ओलं फडकं नाकातोंडाला लावा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढं आधी शिकवलेलं असतं तरी किती जीव वाचले असते.

अणुभट्टीचंही वेगळं नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये भट्टीचं पाणी बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला पण पॅनेलवरचा दिवा विझला म्हणून ऑपरेटरने तो बंद झाला असं धरलं, आणि दिवा तर फक्त बंद व्हायचा सिग्नल गेलाय एवढंच सांगत होता. तसलाच व्हॉल्व्ह १९७७ मध्ये दुसऱ्या प्लँटला अडकला होता, पण तो धडा इथल्या ऑपरेटरपर्यंत पोचलाच नाही. तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ ला तेच. त्या भट्टीचे कंट्रोल रॉड आत सोडले की ती बंद व्हायला पाहिजे, पण रॉडच्या खालच्या ग्राफाइटमुळे सुरुवातीचे काही सेकंद शक्ती उलटी वाढायची, हे १९८३ मध्ये तसल्याच भट्टीच्या इग्नालिना प्लँटवर टेस्टिंगच्या वेळी दिसलं होतं. तीन वर्षांनी चेर्नोबिलच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना त्याची नीट कल्पना नव्हती आणि सुरुवातीला सगळं खापर मात्र त्यांच्यावरच फुटलं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या भागाची. चेर्नोबिलचा स्फोट शनिवारी पहाटे झाला आणि शेजारच्या प्रिप्यात गावातली पोरं त्या दिवशी शाळेत गेली, बाहेर खेळली. गाव रिकामं केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. जगाला कळलं ते सोमवारी, तेही स्वीडनमधल्या प्लँटचे डिटेक्टर वाजले म्हणून. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडतं, गाय ते खाते, दुधातून पोराच्या थायरॉइडमध्ये जातं. ते दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे दोन-तीन महिने ताजं दूध पाजू नका एवढं वेळेवर सांगून ते पाळून घेतलं असतं तरी पुष्कळ निभावलं असतं. पोलंडने २९ एप्रिलपासून एक कोटीहून जास्त मुलांना साधं आयोडीन दिलं, म्हणजे थायरॉइड त्यानेच भरतो आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. इकडे सोव्हिएत भागात मुलं दूध पीत राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत लहानपणी तिथे असलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या ६००० च्या वर केसेस निघाल्या, त्यातल्या बऱ्याच त्या दुधामुळे. रेडिएशनने जेवढं केलं त्याच्या जोडीला गप्प बसण्यानेही केलं.

अणुऊर्जा बंदच करा असं माझं म्हणणं नाही. जपानच्या फुकुशिमात २०११ ला भूकंपानंतरच्या त्सुनामीपुढे भिंत कमी पडली, पण ओनागावाचा प्लँट तर भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ होता आणि तो वाचला कारण तो उंचावर बांधला होता. फुकुशिमाच्या कंपनीकडे १५ मीटरच्या वर लाट येऊ शकते असा स्वतःचाच हिशेब २००८ पासून पडून होता! तरी जनरेटर तळघरातच राहिले. नंतर घाईघाईत माणसं हलवली, त्या हालांमुळे फुकुशिमा प्रांतात २००० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक म्हातारी.

आणि स्फोट होत नाही त्या प्रदूषणाची तर बातमीही होत नाही. जपानमधल्या मिनामाताच्या कारखान्याने १९३२ पासून पारा मिसळलेलं पाणी समुद्रात सोडलं, मासे खाऊन आधी मांजरं वेडीवाकडी नाचत मेली, मग माणसं. १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच आजार होतो हे बघितलं, प्रयोग थांबवायला लावला गेला. सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. मधल्या ९ वर्षांत लोक तेच मासे खात होते, पोटातल्या बाळांनासुद्धा तो पारा गेला.

म्हणून साहेब एक विनंती आहे. पुढची बातमी छापताना तुमच्या वार्ताहराला तीन प्रश्न विचारायला लावा, कुठली सेफ्टी सिस्टीम बंद होती आणि कधीपासून, शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा रिपोर्ट कुणाकडे आहे, शेजारच्या वस्तीला काय आणि किती वाजता सांगितलं. उत्तर नाही मिळालं तर ‘उत्तर दिलं नाही’ असं छापा, कोणी दिलं नाही त्याचा हुद्दाही छापा. आणि महिन्याभराने परत विचारा.

आपला,
एक निवृत्त प्लँट ऑपरेटर