मंत्रिमहोदय, ते तेरा दिवस कुठे दिसतात?

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या कामगार संघटनेच्या टेबलावर पेन्शनचा फॉर्म 10-डी परत आला. शेरा : पात्र सेवा अपुरी. अर्जदार कारखान्यातला हेल्पर, वय 58, सेवा 9 वर्षे 6 महिने 8 दिवस. ईपीएस-95, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत, सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरली. पण मालकाच्या क्लार्कने ईसीआर, म्हणजे वर्गणीचं मासिक विवरण, भरताना तीन महिने साप्ताहिक सुट्ट्याही एनसीपीत, म्हणजे बिनवर्गणीच्या दिवसांत ढकलल्या. तेरा दिवस वजा झाले. उरले 9 वर्षे 5 महिने 25 दिवस. योजनेच्या सूत्राने सरासरी पगार 14,000 गुणिले 10 वर्षे भागिले 70, म्हणजे दरमहा 2,000 रुपये जन्मभर मिळाले असते. आता एकरकमी काय निघेल ते घ्या आणि घरी जा!

रेकॉर्ड वेळोवेळी तपासावं, असा उपदेश नेहमी ऐकतो. तपासायचं कुठे ते सांगा. यूएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, टाकून पासबुक उघडलं की कर्मचारी, मालक आणि पेन्शन अशा तीन रकान्यांत रुपये दिसतात, एनसीपीचे दिवस नाहीत. प्रत्येक कंपनीचा मेंबर आयडी वेगळा, पासबुक वेगळं. खातं ट्रान्सफर केलं की नव्या पासबुकात जुन्या पेन्शनच्या जागी शून्य येतं आणि माणूस हादरतो. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनची रक्कम सामायिक निधीतच राहते, पुढे जाते ती फक्त सेवा. पण हे एका ओळीत तिथेच लिहायला काय हरकत होती?

सेवा बघायची तर दुसरं पोर्टल : व्ह्यू, मग सर्व्हिस हिस्ट्री. तिथे ईपीएसची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दोन्ही भरलेल्या हव्यात. सोडल्याची तारीख कोरी असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून मॅनेजमधल्या मार्क एग्झिटमध्ये स्वतः भरता येते. तारीख मात्र शेवटची वर्गणी ज्या महिन्याची त्याच महिन्यातली. जवळपास सगळे इथेच चुकतात. बाकी बऱ्याच दुरुस्त्यांना जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार-मालकाचा संयुक्त अर्ज, आणि त्यावर मालकाची मोहोर. ज्याने घोळ घातला त्याच्याच दारात हात जोडून उभं राहायचं.

1 सप्टेंबर 2014 नंतर 15,000 पेक्षा जास्त मूळ पगारावर पहिल्यांदा रुजू झालेला माणूस ईपीएसचा सभासदच नसतो, तरी त्याच्या नावाने दरमहा 1,250 रुपये वर्षानुवर्षं पेन्शनमध्ये जमा होत राहतात. सिस्टिम हूं की चूं करत नाही. चूक निघते ती दाव्याच्या दिवशी. तेव्हा सगळे नियम एकदम पाठ होतात!

आणि एवढं करून मिळतं काय? 1 सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सेवेला कमाल 6,500, नंतरच्या सेवेला कमाल 15,000 धरून हिशेब. दहा अधिक दहा वर्षांचे दरमहा 929 आणि 2,143, त्यात वीस वर्षं भरल्यावर सेवेत धरला जाणारा दोन वर्षांचा बोनस घाला. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वरच अडकलेली. दिवसाला 33 रुपये. दुधाची एक पिशवी आणली की दिवस संपला. राज्यसभेच्या याचिका समितीने 2013 मध्येच किमान 3,000 सुचवले होते. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आमच्याच राज्याचे राज्यपाल होऊन गेले, शिफारस मात्र कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाही ठाऊक नसावं. तिकडे बुलढाण्याचे पेन्शनर 7,500 मागत उपोषणाला बसतात. तुमच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना 1 एप्रिल 2025 पासून युनिफाइड पेन्शनमध्ये दहा वर्षांच्या सेवेवर किमान 10,000. माजी खासदाराला 31,000, तेही 1 एप्रिल 2023 पासून मागे नेऊन. त्यांची एनसीपी कोण मोजतं, महाराज? सभागृहातली गैरहजेरी कापली तर किती जणांचे तेरा दिवस निघतील?

एटीएममधून पीएफ काढण्याच्या घोषणा ऐकल्या. त्याआधी पासबुकातच दर महिन्यापुढे एनसीपीचे दिवस दाखवा, आणि मालकाने ते टाकले की त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर मेसेज जाऊ द्या. पगार झाला की बँकेचा मेसेज येतो, मग पेन्शन कापली गेल्याचा का येऊ नये?

परत आलेल्या दाव्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तेरा दिवस लाल पेनाने अधोरेखित केले आहेत.

आपला,
कामगार संघटनेच्या टेबलावर फॉर्म भरून देणारा एक जण