सिकलसेल कोपीवरही येतो

जागतिक सिकलसेल दिनानिमित्त (19 जून) आपल्या अंकात आलेला लेख माहितीपूर्ण होता. मात्र रक्ताचा हा आनुवंशिक आजार नंदुरबार-गडचिरोलीपुरताच आहे, हा त्यातला सूर पटला नाही. माणसे पोटासाठी जिल्हा ओलांडतात, आजारही त्यांच्यासोबत येतो.

मी रक्त तपासणीच्या कामातून निवृत्त झालो आहे. एका गळीत हंगामात, ऐन थंडीत, ऊसतोडीच्या कोपीवरचा (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीतला) नऊ-दहा वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला होता. ताप, छातीत कळा, धाप. एक्स-रेत डाग दिसला, म्हणून चार दिवस न्यूमोनियाचे उपचार चालले. माझ्याकडे रक्त आले ते फक्त हिमोग्लोबिनसाठी. वडील नंदुरबारकडचे, हे ऐकून मी आपणहून सिकलसेलची प्राथमिक, म्हणजे विद्राव्यता चाचणी केली. नळी गढूळ झाली, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात, म्हणजे सिकलसेलचा संशय. पुढच्या तपासणीत सिकलसेल पक्का ठरला.

या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या अडवतात. तेव्हा नुसती प्रतिजैविके पुरत नाहीत. ऑक्सिजन आणि बऱ्याचदा रक्त द्यावे लागते. फुप्फुसातला हा बिघाड सिकलसेल रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो पोरगा वाचला, हे नशीब.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, तो योग्यच. पण सांगली-साताऱ्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर ही तपासणी व्हावी. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाळवा (जि. सांगली)